पूर्वेची सहा दारं

शॉमबर्ग, ३ नोव्हेंबर २०२४

काका,

तुम्हाला आणि शोभाकाकूला नमस्कार. पाकीट जाड लागलं म्हणून काकूने आशेने फोडू नये, लग्नपत्रिका नाही. माझ्या कामाचे दोन कागद आहेत. तुमच्या ट्रॉयच्या बेसमेंटमध्ये राहून एमएस करत होते तेव्हा तुम्ही नियमच घातला होता की नेटवर्कची वाटणी फोनवर बोलायची नाही, कागदावर मांडून आणायची. सहा वर्षं झाली, नियम मोडायची हिंमत अजून होत नाही.

आमच्या कंपनीला इथल्या एका नर्सिंग होमचं काम मिळालंय. नेटवर्कवरच्या उपकरणांना द्यायला त्यांच्याकडे २५६ नंबरांचा एक गठ्ठा आहे. तुम्ही काकूच्या वड्यांच्या ताटावर शिकवलं होतं तसाच तो वाटलाय: सगळ्यात मोठा तुकडा आधी, आणि सुरी दर वेळी मधोमध. पश्चिमेच्या विंगला शंभर नंबर लागतात म्हणून अर्धं ताट, १२८. पूर्वेच्या विंगला पन्नास, म्हणून उरलेल्याचं अर्धं, ६४. मग ऑफिसला ३२, कॅमेऱ्यांना १६, राउटरच्या दोन जोडण्यांना चार-चार. उरले आठ.

आणि आता त्यांना स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांसाठी नवी विंग काढायची आहे. तिला ३२चा तुकडा पाहिजे, आणि ताटात आठ! पण पूर्वेच्या अर्ध्या खोल्या आता बंद केल्यात, तिथं सत्तावीसच उपकरणं राहिलीत. म्हणून तिचा ६४चा तुकडा मी मधून कापला. १२८ ते १५९ पूर्वेला ठेवले, १६० ते १९१ नव्या विंगला दिले. खूश आहे मी स्वतःवर.

पहिल्या कागदावर ही वाटणी आहे. दुसऱ्यावर एकेका उपकरणाची यादी, नंबर आणि मास्क. साइटवर जाऊन हे सगळं यतीन बसवणार. यतीन माझ्या शेजारच्या टेबलावर असतो, नागपूरचा आहे. त्याची बायको हिमानी मला दर शुक्रवारी डबा पाठवते आणि लेक ज्ञानदा मला मावशी म्हणते, तेही इंग्लिश वाक्यात.

दोन्ही कागद बारकाईने बघा. मार्चमध्ये माझ्या ग्रीन कार्डचे कागद पुढं सरकायचेत. यंदा मला एकही चूक परवडणार नाही.

तुमची,
राधिका


ट्रॉय, ९ नोव्हेंबर २०२४

चि. राधिका,

आशीर्वाद आहेतच, आता ऐक. कागद बघितले. दोन्हींवर टिक केली आहे. परत पाठवत नाही, फाइलला लावतो. इथल्या मोटारींच्या कंपनीत तीस वर्षं नेटवर्क सांभाळली, त्या प्रत्येकाचा कागद माझ्याकडे आहे, तुझाही राहू दे.

वाटणी बरोबर आहे. तुकडे एकमेकांवर चढलेले नाहीत, मोठा आधी घेतलास, सुरी मधोमध पडली. पण प्रत्येक तुकड्यातले दोन नंबर राखीव जातात, म्हणजे पूर्वेला तीनच मोकळे ठेवलेस. कंजूष आहेस. उद्या त्यांनी त्या बंद खोल्या उघडल्या की तुला पुन्हा सगळं ताट खरवडावं लागेल. माणसं वाढतात, हे मी तुला किती वेळा सांगितलंय.

काकू म्हणते की तुम्ही दोघं एवढं मास्क मास्क करता, तर ते काय असतं ते तिला कळेल असं एकदा लिही. माझ्याकडून ऐकून तिला झोप येते.

थंडी वाढली आहे. बर्फात गाडी जपून चालव.

एकनाथ काका


शॉमबर्ग, २४ जानेवारी २०२५

काका, काकू,

दिवाळीचं पार्सल मिळालं, उत्तर द्यायचं राहिलं, रागावू नका. आणि काका, तुमचं अक्षर एवढं मोठं का झालंय? मी चष्मा लावते, आंधळी झालेली नाही.

आज चेष्टा फार सुचत नाहीये. फार वाईट झालं.

त्या नर्सिंग होममध्ये मिसेस नोवाक म्हणून चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई आहेत. नव्या विंगमध्ये राहतात, त्यांना काही आठवत नाही. जेवायला सगळ्यांना पूर्वेच्या विंगमध्ये आणतात. सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर त्या पूर्वेचं एक दार उघडून बाहेर गेल्या. अंगात स्वेटर, पायात घरातल्या सपाता. बाहेर उणे अठरा. दार उघडलं की नर्सच्या टेबलावर घंटा वाजायला हवी, ती वाजलीच नाही. चाळीस मिनिटांनी बर्फ काढणाऱ्या माणसाला त्या पार्किंगमध्ये सापडल्या. जीव वाचला. पायाची तीन बोटं काढावी लागली.

काकू, मास्क काय ते आता लिहिते, कारण सगळं त्यावरच आलंय. नंबर म्हणजे घराचा पत्ता, आणि मास्क म्हणजे आपलं घर कुठवर आहे ते सांगणारी रेघ. निरोप रेघेच्या आतल्याला द्यायचा असेल तर उपकरण घरातल्या घरात हाक मारतं. रेघेबाहेरचा असेल तर राउटरकडे देतं, राउटर पोचवतो. मी पूर्वेचं घर अर्धं केलं आणि उरलेलं अर्धं नव्या विंगला दिलं. डिसेंबरमध्ये नर्सचं टेबल त्या नव्या अर्ध्यात गेलं, नंबर १७०. बाकीच्या उपकरणांना नवी रेघ आपोआप कळते. पूर्वेच्या दारांवरच्या सहा घंटा जुन्या आहेत, त्यांच्यात ती हाताने भरावी लागते. ती भरलीच गेली नाही. त्यांच्या मते १७० अजून आपल्याच घरात होता. त्यामुळे दार उघडलं तेव्हा घंटेने घरातल्या घरात हाक मारली, आणि तिथं कोणी नव्हतंच. नर्सिंग होमचं ऑफिस जुन्या रेघेच्याही बाहेर, त्यामुळे तिथल्या संगणकाला मात्र त्या राउटरमार्फत व्यवस्थित उत्तर द्यायच्या. आम्ही तपासलं ते ऑफिसमधूनच.

कंपनीने चौकशी केली. यादीत नवा मास्क लिहिलेला होता, यतीनने दारांवर भरला नव्हता, असं ठरलं. काल त्याला काढलं. त्याच तासाला लॅपटॉप घेतला आणि खोक्यात त्याचा मग आणि ज्ञानदाचा फोटो घालून त्याला खाली सोडलं. वर्क व्हिसावर आहे, साठ दिवसांत दुसरी नोकरी नाहीतर देश सोडायचा. चोवीस मार्चपर्यंत.

मला काही सुचत नाहीये.

राधिका


ट्रॉय, ३० जानेवारी २०२५

चि. राधिका,

काकूने तुझं पत्र दोनदा वाचलं आणि देवापाशी दिवा लावला, त्या बाईंसाठी. मास्क तिला कळला. तीस वर्षांत मला जमलं नाही ते तू एका परिच्छेदात केलंस.

तुझ्या मित्राची कीव येते, पण मी त्याची बाजू घेणार नाही. कागद हातात असताना दार न बघता 'झालं' म्हणून सही करणारी माणसं मी फार पाहिली आहेत. आमच्याकडे असा एक होता, त्याला मी स्वतः काढायला लावलं होतं. जो न बघता खूण करतो त्याने हे काम करू नये. म्हाताऱ्या बाईची बोटं गेली, इथं दयामाया नाही.

तू मन लावून घेऊ नकोस. तुझी यादी बरोबर होती, तुझं काम झालं होतं. नीट जेव.

एकनाथ काका


शॉमबर्ग, ८ फेब्रुवारी २०२५

काका,

तुमचं पत्र मिळालं. यतीनबद्दल एवढं कडक लिहायला नको होतं. तो तसा नाही.

रविवारी त्यांच्याकडे गेले होते. हिमानीने पोहे केले, आणि कोणी खाल्ले नाहीत. रोज दहा ठिकाणी अर्ज करतो म्हणाला. फोन येतात, पण मागच्या नोकरीचं काय झालं असं विचारलं की पुढं काही होत नाही. निघताना मला पार्किंगपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "राधिका, मी ती यादी ओळीओळीने भरली होती यार. त्या सहा दारांपुढे 'बदल नाही' असंच होतं ना?" मी म्हटलं, "मला आता आठवत नाही रे." तो मान हलवून वर निघून गेला. धक्क्यात आहे बिचारा, त्याला काय काय आठवतंय कोण जाणे.

एक काम आहे. नोव्हेंबरमध्ये तुम्हाला पाठवलेले ते दोन कागद फाडून टाका. क्लायंटचे कागद घराबाहेर असायला नकोत, कंपनीत आता फार कडक झालंय. मी पाठवायलाच नको होते. फाडले की एक ओळ कळवा.

काकूला सांगा, जेवते आहे.

राधिका


ट्रॉय, १५ फेब्रुवारी २०२५

राधिका,

फाडायला म्हणून कागद काढले. पण इतक्या वर्षांत मला कोणी कागद फाडायला सांगितलं नव्हतं, म्हणून आधी काकूला मोठ्याने वाचायला लावले. तिला त्यातलं कळत नाही, म्हणून ती काही गाळत नाही.

दुसरा कागद. ओळ एकतीस ते छत्तीस. पूर्वेचं दार एक ते सहा. नंबर: बदल नाही. मास्क: बदल नाही.

तिला मी सहाही ओळी परत वाचायला लावल्या. ती म्हणाली, "अहो, किती वेळा तेच?"

नंबर बदलत नव्हता हे खरं. तू तिथं 'बदल नाही' लिहिलंस आणि तेच शेजारच्या रकान्यातही ओढलंस. घाईत होतं, अशी चूक मी हजार वेळा पाहिली आहे आणि केली आहे. तिच्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही.

पण तू मला लिहिलंस की यादीत नवा मास्क होता. चौकशीलाही तो दिसला. माझ्याकडच्या कागदात नाही. मधे कोणाचा हात लागला?

तुझ्या बापाने तुला माझ्या भरवशावर या देशात पाठवलं. दोन वर्षं एका ताटात जेवलो आपण. मला वाईट वाटलंय, आणि राग आलाय, दोन्ही लिहून ठेवतो. त्या माणसाने पार्किंगमध्ये तुला विचारलं तेव्हा तुला सगळं आठवत होतं.

कागद फाडलेले नाहीत. दोन्ही या पाकिटात आहेत. मी झेरॉक्स काढलेली नाही आणि तुझ्या कंपनीला काही कळवणार नाही. आता ते तुझ्याकडेच आहेत. फाडायचे तर तू फाड.

एकनाथ काका


ट्रॉय, १ मार्च २०२५

चि. राधिका,

दोन आठवडे झाले, उत्तर नाही. काकूने फोन केले ते तू उचलले नाहीस. पाकीट पोचलं एवढं पोस्टाच्या साइटवर दिसतंय. तू रागावली असशील. मी रोज पत्राच्या पेटीपर्यंत जाऊन येतो. काकू म्हणते, बर्फात पडाल. पडलो नाही अजून.

तुला एक सांगायचं राहिलंय. मागच्या पत्रात सांगायला हवं होतं, पण मी तुझ्यावर रागवायच्या भरात होतो आणि ते मला सोयीचंही होतं.

दोन वर्षांपासून माझ्या डोळ्यांचा मधला भाग जातोय. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग दिसतो, कडेकडेचं दिसतं. गाडी सोडली आहे. काकूला आणि डॉक्टरला माहीत आहे, तुम्हा कोणाला सांगू नको अशी तिला शपथ घातली होती. मोठं अक्षर त्यामुळे. हे पत्र लिहायलाही दोन दिवस लागलेत.

नोव्हेंबरमध्ये तुझा पहिला कागद मी भिंग लावून वाचला. दुसऱ्यावरची यादी बारीक टाइपात होती. चार ओळी वाचल्या, डोळ्यातून पाणी यायला लागलं. वाटलं, वाटणी बरोबर आहे म्हणजे यादी बरोबर असणारच. काकूला वाचायला सांगता आलं असतं. पण तुझ्या कामाला मला दुसऱ्याचे डोळे लागतात हे मान्य करवेना. टिक केली. तुला लिहिलं की दोन्ही बघितले.

त्यानंतर जानेवारीत त्या मुलाबद्दल मी तुला काय लिहिलं ते आठव. न बघता खूण करणाऱ्याने हे काम करू नये. तो तर प्रत्येक ओळ वाचून काम करून आला होता. न बघता खूण मी केली होती.

मी ती यादी वाचली असती तर त्या बाईंची बोटं वाचली असती. हे मी तुझा भार कमी करायला लिहीत नाही, तो कमी होत नाही. मी बहात्तर वर्षांचा आहे, मला कोणी कुठून काढणार नाही, मला खरं बोलायला काय लागतं? तरी एवढे दिवस लागले. तुला किती अवघड असेल ते कळतंय.

तू काहीही कर, पण उत्तर लिही. हे घर तुझं आहे.

एकनाथ काका


शॉमबर्ग, १६ मार्च २०२५

काका,

तुमचं पत्र चार तारखेला, मंगळवारी आलं. मी ते जिन्यातच वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरच्या खोलीत जाऊन तुमच्याकडून आलेला कागद टेबलावर ठेवला.

तुम्ही विचारलं होतं, हात कोणाचा लागला. माझा. मिसेस नोवाक बाहेर गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले, यादी उघडली आणि सहा ओळींत नवा मास्क लिहिला. त्या क्षणी खरंच वाटलं की मी चूक दुरुस्त करतेय. मुळात तेच तर लिहायचं होतं! दहा वाजता चौकशी बसली, त्यांनी ती यादी उघडली, आणि सगळे यतीनकडे बघायला लागले. मी बोलले नाही. एक मिनिट गेलं, मग एक दिवस गेला, आणि मग त्याला काढलं. पुढं रोज सकाळी वाटायचं की आज सांगू, आणि रोज ग्रीन कार्ड आठवायचं. तुमचं कागदांचं पाकीट पंधरा दिवस माझ्या उशीखाली होतं. दोनदा फाडायला काढलं.

मला काढलंय. शुक्रवार, चौदा मार्च, शेवटचा दिवस होता. ग्रीन कार्डचं आता विसरायचं. वकिलांनी यतीनच्या व्हिसाचे कागद घाईघाईने पुन्हा भरले आणि बारा तारखेला, बुधवारी तो कामावर आला. तोवर त्यांनी सोफा, पलंग, सगळं विकून टाकलं होतं. बावीस तारखेची तिकिटं होती. ज्ञानदाच्या वर्गाने तिला निरोपाचं कार्डही करून दिलं होतं. ती आता परत शाळेत जाते आणि सगळे तिला विचारतात की तू गेली नाहीस का. मी त्यांच्या घरी गेले, तर हिमानीने दार उघडलं, मला बघितलं आणि आत निघून गेली. मी बाहेरूनच परतले.

नर्सिंग होमने अट घातली होती की ज्या दोघांनी काम केलं त्यांनीच समोर येऊन सहाही दारं तपासून द्यायची. म्हणून शुक्रवारी दुपारी मी आणि यतीन तिथं गेलो. गाडीत त्याने फक्त तपासणीचा क्रम सांगितला. पार्किंगमध्ये मी म्हटलं, "यतीन, सॉरी. मला माहीत आहे की हे पुरेसं नाही." तो लॅपटॉपची बॅग काढत म्हणाला, "मी त्या दिवशी तुझ्याकडे प्रूफ मागत नव्हतो यार. नोकरी पण मागत नव्हतो. मला वाटायला लागलं होतं की मीच वेडा झालोय, मीच चुकीचं वाचलं. घरी हिमानीला सांगताना पण माझी खात्री राहिली नव्हती. तू फक्त 'हो' म्हटलं असतंस तर मी गुपचूप नागपूरला गेलो असतो."



मिसेस नोवाक जेवणघरात व्हीलचेअरवर बसल्या होत्या, पायावर निळी शाल. माझ्याकडे बघून हसल्या. मी कोण ते त्यांना माहीत नाही, आणि पायाला काय झालं तेही नाही. नर्सला दर थोड्या वेळाने विचारतात की माझे बूट कुठे आहेत.

या वेळी ऑफिसमधून तपासलं नाही. मी नव्या विंगमध्ये नर्सच्या टेबलापाशी बसले आणि यतीन पूर्वेला दारांपाशी गेला. फोन चालू ठेवला. तो एकेक दार उघडायचा आणि विचारायचा, "वाजली?" मी टेबलावरची घंटा ऐकून सांगायची, "हो." पहिल्या दाराला मी आधी घंटेजवळ कान नेला, तेवढ्यात त्याने परत विचारलं, "वाजली का?" मी म्हटलं, "हो." असं सहा वेळा. सहाव्या दारानंतर फोनवर त्याने दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग "ठीक आहे" म्हणाला आणि फोन ठेवला.

जानेवारीपासून त्याने मला एकच गोष्ट विचारली होती, काका, आणि तिचंही उत्तर तेवढंच होतं.

राधिका